मदत हवी आहे: दोन वर्षांच्या जुळ्या भाचरांना वाढदिवसाला काय द्यावे?

नमस्कार. आम्ही इंदूरचे. माझ्या धाकट्या भावाला जुळी मुले आहेत, एक मुलगी आणि एक मुलगा, आणि येत्या जानेवारीत दोघांना दोन वर्षे पूर्ण होत आहेत. वाढदिवस संक्रांतीनंतर चारच दिवसांनी येतो, म्हणून आईने बोरनहाण आणि वाढदिवस एकाच रविवारी करायचे ठरवले आहे. आत्या म्हणून दोघांसाठी मिळून तीन हजार रुपयांपर्यंत खर्च करण्याची माझी तयारी आहे. परंतु काय घ्यावे, आणि त्याहीपेक्षा, दोघांना एकसारखे घ्यावे की वेगवेगळे, या प्रश्नाने मला महिनाभर घेरले आहे. ज्यांनी जुळी मुले वाढवली आहेत किंवा जे लहान मुलांमध्ये काम करतात, त्यांचा सल्ला हवा आहे.

हा प्रश्न इतका मनावर का घेतला, ते सांगते. पहिल्या वाढदिवसाला मी फारसा विचार न करता भाचीसाठी कापडी बाहुली आणि भाच्यासाठी दोरीने ओढायची लाकडी गाडी नेली होती. भाची तेव्हा नुकतीच चालू लागली होती. भाचा अजून पलंगाची कड धरून उभा राहत होता. साहजिकच गाडी तिने उचलली आणि खोलीभर ओढत नेली. तेवढ्यात पाहुण्यांपैकी कोणीतरी तिच्या मुठीतून दोरी सोडवली, "ती भैयाची आहे, तुझी बाहुली बघ किती छान" असे म्हणून गाडी भाच्यासमोर ठेवली. त्याला तिचे काय करावे ते कळेना. तो चाक तोंडात घालून बसला. भाची रडली नाही. बाहुली तिथेच टाकून ती दाराच्या पडद्यामागे जाऊन उभी राहिली आणि पडद्याखालून तिची पैंजण घातलेली दोन पावले तेवढी दिसत राहिली. ती पावले अजून माझ्या डोळ्यांपुढून हलत नाहीत. चूक त्या पाहुण्यांची मुळीच नव्हती. मुलगी म्हणून बाहुली आणि मुलगा म्हणून गाडी, ही वाटणी मीच दुकानात करून आले होते.

आता मुलांविषयी. दोघे आठव्या महिन्यात, सुमारे सहा आठवडे आधी जन्मली, त्यामुळे त्यांची वाढ मोजताना दोन वर्षांपर्यंत तेवढे आठवडे वजा करून वय धरावे, असे डॉक्टरांनी सुरुवातीलाच सांगितले होते. भाची धावते, चढते, आणि घरातले प्लास्टिकचे स्टूल गाडीसारखे ढकलत नेते. भाचा शांत आहे; एका डब्याचे झाकण लावणे आणि काढणे यात त्याचा अर्धा तास सहज जातो. हाताला लागेल ती वस्तू मात्र तो अजूनही आधी तोंडात घालतो. खोक्यावर लिहिलेले वय पाहून दोघांसाठी एकच वस्तू उचलणे मला म्हणूनच पटत नाही.

घरात सूचनांची कमतरता नाही. आईने दोघांसाठी चांदीच्या वाट्या आधीच करून ठेवल्या आहेत. बाबांना इंदूरचे चामड्याचे घोडे द्यायचे आहेत, कारण आमच्या लहानपणी दिवाणखान्यात तसा एक होता. त्या कलेला भौगोलिक मानांकन (वस्तू कोणत्या ठिकाणची, हे सांगणारी सरकारी नोंद) मिळालेले आहे आणि तिचा मलाही अभिमान आहे. पण आत तारेचा सांगाडा आणि वर ताणून बसवलेले चामडे अशी ती वस्तू कपाटात शोभते, दोन वर्षांच्या मुलाच्या तोंडात नव्हे. एका नातेवाइकांनी दोघांना मिळून टॅब घ्यायचे सुचवले. त्याला मी स्पष्ट नकार दिला आहे. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचाच सल्ला असा आहे की, दोन वर्षांपर्यंत मोबाइल-टीव्हीचा पडदा नकोच आणि पुढे पाच वर्षांपर्यंत दिवसाला फार तर एक तास, तोही मोठ्यांच्या सोबतीने. वहिनीची अट सोपी आहे: वस्तू आवाज करणारी नको आणि मोठी नको, कारण तिसऱ्या मजल्यावर त्यांच्या दोनच खोल्या आहेत.

मी राणीपुऱ्यातील दुकाने पाहून आले. १ जानेवारी २०२१ पासून चौदा वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांवर आय.एस.आय. चिन्ह सक्तीचे आहे, तरी एका दुकानात मला दाखवलेल्या वस्तूंपैकी निम्म्यांवर ते नव्हते आणि विचारल्यावर "सब चलता है" एवढेच उत्तर मिळाले. याउलट आमच्याच मध्य प्रदेशातल्या बुधनी गावची लाखकाम केलेली लाकडी खेळणी हातात घेतली की मन तिथेच रमते, परंतु त्यांच्यावरही चिन्ह नाही. ती घ्यावीत की नाहीत, याबद्दलही कृपया सांगावे.

प्रतिसाद १

आमच्या जुळ्या मुली आता सात वर्षांच्या आहेत, म्हणून अनुभवावरून लिहिते. दोन वर्षांची मुले एकत्र खेळत नाहीत, शेजारी शेजारी खेळतात. जुळीही त्याला अपवाद नसतात. "दोघांत मिळून एक" हे शब्द आपल्याला समजतात; त्यांना त्या वयात फक्त हातातून गेलेली वस्तू समजते. त्यामुळे ढकलायची, ओढायची किंवा वर बसायची वस्तू असेल तर दोन घ्याव्यात, अगदी एकसारख्या. आम्ही पहिल्यांदा एक लाल आणि एक निळी घेतली होती, तर वर्षभर भांडण लालसाठीच झाले. ठोकळ्यांसारखी पुष्कळ नग असलेली वस्तू मात्र एकच आणि मोठी घ्यावी, कारण ढीग दोघींना पुरतो.

आणखी एक विनंती आहे. पुडी एकच करून वर दोघांची नावे लिहू नका. आमच्या मुलींना नातेवाईक वर्षानुवर्षे "जुळ्यांना भेट" म्हणूनच देत आले, आणि पाच वर्षांची असताना धाकटीने मला विचारले की, माझा एकटीचा वाढदिवस कधी असतो. तेव्हापासून आमच्याकडे ओवाळणी दोनदा होते, गाणे दोनदा होते आणि प्रत्येकीला एक तरी वस्तू तिच्याच आवडीची मिळते. तुमच्या भाच्याला झाकणे आवडतात, हे तुम्हाला ठाऊक आहे. त्याच्या भेटीचे उत्तर त्यातच आहे.

प्रतिसाद २

मी तीस वर्षे बालवाडी चालवली. चिन्हाच्या प्रश्नाचे उत्तर आधी देते. हस्तकला विभागाकडे नोंदणी असलेल्या कारागिरांनी केलेल्या खेळण्यांना त्या सक्तीतून सूट आहे, त्यामुळे बुधनीच्या खेळण्यावर चिन्ह नसणे म्हणजे ते बेकायदा आहे असे नाही. कारखान्यातल्या प्लास्टिकच्या खेळण्यावर ते नसेल तर मात्र ते घेऊ नये. हाताने केलेल्या वस्तूची तपासणी आपणच करायची असते. चाक ओढून पाहावे, खिळा कुठे वर आला आहे का ते बोट फिरवून पाहावे आणि डोळे, बटणे, घुंगरू असे काही चिकटवलेले असल्यास ती वस्तू परत ठेवावी.

तीन वर्षांखालील मुलांसाठी तुकडा किती लहान चालतो, हे तपासायला प्रयोगशाळेत ३१.७ मिलिमीटर व्यासाची नळी वापरतात. जो तुकडा तिच्यात पूर्ण मावतो, तो घशात अडकू शकतो असे धरतात. दहा रुपयांचे नाणे २७ मिलिमीटरचे असते. म्हणजे त्या नाण्याहून जेमतेम मोठ्या भोकात जाईल असे काहीही तुमच्या भाच्याच्या हाती देऊ नये. चेंडू तर याहून बराच मोठा, दोन्ही हातांनी धरावा लागेल इतका असावा. बटनासारखी चपटी बॅटरी असलेली आणि सुटे लोहचुंबक असलेली खेळणी घरातच आणू नयेत. तशी बॅटरी अन्ननलिकेत अडकली तर दोन तासांतही गंभीर भाजल्यासारखी इजा होते.

आणि बोरनहाणाचे काय? त्या दिवशी मुलांच्या डोक्यावरून ओतलेली बोरे, शेंगा, रेवड्या आणि गाठी जमिनीवर असतात आणि सर्वांचे लक्ष फोटोकडे असते. भेटवस्तूइतकाच विचार त्याचाही व्हायला हवा. माझ्या नातवाच्या बोरनहाणात आम्ही नुसते चुरमुरे आणि फुलांच्या पाकळ्या घेतल्या. हलव्याचे दागिने घातले, फोटो काढला आणि लगेच उतरवले.

मूळ प्रश्नकर्ती

दोघींचे मनापासून आभार. बोरनहाणाकडे आमच्यापैकी कोणाचेही लक्ष गेले नव्हते. आईला हे वाचून दाखवले. आधी ती थोडी नाराज झाली, कारण बोरांशिवाय बोरनहाण कसले, असे तिचे म्हणणे पडले. पण बोरे आणि शेंगा आता मोठ्या मुलांच्या वाणात पिशवीतून द्यायच्या आणि पाटाभोवती फक्त चुरमुरे टाकायचे, यावर तिनेच तोड काढली.

काल मी पुन्हा बाजारात गेले. बुधनीच्या लाकडी ढकलगाड्या दोन घेतल्या, दोन्ही पिवळ्या. दुकानदाराने "मुलगा-मुलगी आहेत ना, एक गुलाबी घ्या" असे सुचवले, तेव्हा पिवळ्याच दोन हव्यात म्हणून मी अडून बसले. एका गाडीचे एक चाक ढिले लागत होते, ती बदलून घेतली. भाच्यासाठी एकात एक बसणारे झाकणांचे पाच डबे आणि भाचीसाठी मोठा रबरी चेंडू घेतला आहे. त्यांच्या पुड्या वेगवेगळ्या होतील. ठोकळ्यांचा मोठा संच, चिन्ह पाहून, दोघांना मिळून एक घेतला. सगळे मिळून दोन हजार सातशे झाले. बाबांचा घोडा त्यांच्याच कपाटात येणार आहे आणि मुलांना तो आजोबांच्या कडेवर बसून पाहता येईल, ही कल्पना बाबांनाही आवडली.

एकच काम राहिले आहे. लाखेचा रंग सुटतो का, हे आज रात्री ओल्या पांढऱ्या रुमालाने दोन्ही गाड्या पुसून पाहणार आहे. रुमालाला पिवळे लागले तर उद्या सकाळी दुकान उघडताच त्या परत करीन.