मदत हवी आहे: डब्याची चूल नुसती धुमसतेय

खटपट्या
इथे कोणी लाकडावर चालणारी डब्याची चूल घरी बनवलीय का? एकात एक दोन डबे घातले, भोकं पाडली, व्हिडिओत दाखवलंय तसंच सगळं केलं तरी भकाभका धूर येतो आणि भांडं ठेवलं की जाळ बसतोच. शनिवारी कॅम्पला निघायचंय, त्यामुळे जरा लवकर सांगा. आणि प्लीज "गॅस घेऊन जा" सांगू नका, ते मलाही कळतं.

रानवाट
भोकं कुठे पाडलीत? आतल्या डब्याला की बाहेरच्या? लाकूड कसलं, पेटवताय खालून की वरून? फोटो टाका.

धूरकट
कशाला त्या डबल डब्याच्या भानगडीत पडता, सरळ रॉकेट स्टोव्ह करा. एल आकाराचं नळकांडं, आडव्या तोंडातून काटक्या सरकवत राहायचं, काटक्यांखाली जाळी म्हणजे हवा खालून जाते, उभ्या भागाभोवती उष्णता अडवायला राख नाहीतर परलाइट (कुंड्यांत घालतात ते हलके पांढरे दाणे) भरायचं की झालं. लॅरी विनियार्स्कींनी १९८०च्या दशकात काढलेलं डिझाइन आहे, जगभर चालतंय.

खटपट्या
भोकं वर-खाली दोन्हीकडे आहेत, नेहमीसारखी. लाकूड साधंच. रॉकेट नकोय, सॅकमध्ये मावणार नाही.

रानवाट
"नेहमीसारखी" म्हणजे काय ते कळू दे की. बाहेरच्या डब्याला फक्त खालच्या बाजूला भोकं हवीत. आतल्याला बुडाला भोकं आणि वरच्या कडेखाली एक ओळ. खालून शिरलेली थोडी हवा सरपणात जाते, बाकीची दोन पत्र्यांच्या मधून तापत वर चढते आणि त्या वरच्या ओळीतून आत येऊन धूर जाळते. धूर म्हणजे न जळलेला गॅसच असतो, त्याला वरती गरम हवा मिळाली नाही तर तो डोळ्यांत जाणारच. आणि आतला डबा बाहेरच्याच्या बुडावर सपाट टेकलेला नाही ना?

गंजका पत्रा
डबे कसले आहेत ते आधी सांगा!! जस्ताचा मुलामा असलेला पत्रा असेल तर वापरूच नका. जस्त ४२० अंशांच्या आसपास वितळतं, ९०७ ला उकळतं, ती वाफ नाकात गेली की काही तासांनी थंडी वाजून ताप भरतो.

धूरकट
मी गॅल्वनाइज्ड बादलीत शेकोटी पेटवत आलोय, काही झालेलं नाही.

गंजका पत्रा
उघड्यावरच्या मोठ्या बादलीची आणि तोंडापाशी धरून फुंकायच्या चुलीची तुलना करताय. जाऊ दे.

साबणवाली
धुराचं मला माहीत नाही पण भांड्याला बाहेरून ओल्या साबणाचा हात फिरवा आणि मग चुलीवर ठेवा, काजळी नुसत्या पाण्याने निघते. आतून नाही हां, बाहेरून. घासत बसायचा त्रास वाचतो.

खटपट्या
काजळीचं कुणी विचारलं? डबे साधे टिनचे आहेत, खाण्याच्या पदार्थांचे. आतला डबा खिळ्यांवर उचललाय. फोटो टाकला बघा.

रानवाट
फोटोत दिसलं. दोन डब्यांच्या मधली फट वरून उघडी आहे, बोट जाईल एवढी. तापलेली हवा तिथूनच वर निघून जातेय, भोकांकडे कशाला वळेल ती? बाहेरच्या डब्याच्या झाकणाला आतल्या डब्यापेक्षा किंचित लहान भोक कापा, कडेला कात्रीने चिरा द्या आणि आतला डबा त्यातून दाबून घट्ट बसवा. दुसरं म्हणजे लाकूड काठोकाठ भरलंय, वरची भोकं झाकली गेलीत. त्यांच्या खाली दोन बोटं थांबा. तिसरं, भांडं थेट काठावर ठेवलंत तर जाळ जाणार कुठे? मध्ये दोन-अडीच सेंटिमीटरचं टेकण हवंच.

ठिणगी
आणि डब्यांना आतून प्लॅस्टिकचा लेप असतो, स्वयंपाकाआधी एकदा उघड्यावर रिकामी चूल सणसणीत जाळून घ्या. बारीक ढलप्या उभ्या भरा आणि वरून पेटवा, खालून नको.

धूरकट
वरून कोण पेटवतं? आग वर चढते, खाली उतरत नाही. खालून पेटवा, फुंकणी मारा.

ठिणगी
या चुलीत उतरते. वरचा थर जळताना खालचं लाकूड तापून गॅस सोडतं, तो ज्वालेतूनच वर जातो म्हणून धूर कमी. खालून पेटवलंत तर सगळं सरपण एकदम धुमसायला लागतं. तुमच्या रॉकेटचं वेगळं, त्यात काटक्यांची टोकंच जळतात.

धूरकट
म्हणूनच म्हटलं रॉकेट करा.

खटपट्या
झाकण कापून बसवलं, तीन बोल्टवर भांडं. वरच्या भोकांतून गॅसच्या बर्नरसारखे छोटे झोत आत वळून येतायत, पाणी उकळलं. पण ढलप्या संपत आल्या म्हणून वरून मूठभर टाकल्या की परत धूर. आणि पाऊस आला तर तंबूत पेटवली तर चालेल का?

रानवाट
जाळ पूर्ण बसायच्या आधी टाका, दोन-तीनच आणि कोरड्या. मोडताना काटकी कडकन तुटली पाहिजे, नुसती वाकली तर ओली आहे. एकदा खाली नुसते निखारे उरले की वरून भर घालू नका, ते जळू द्या आणि नव्याने भरा. तंबूत अजिबात नाही, निखारे शांत दिसतात तेव्हाही कार्बन मोनॉक्साइड निघत असतो आणि त्याला वास नसतो. बाहेर उंचावर ताडपत्री बांधा, चारही बाजू मोकळ्या ठेवा.