तंबू, टार्प, सॅक: टाके की वेल्डिंग?

दुहेरी_टीप

भटकंतीच्या हलक्या सामानात ‘बिनटाक्याचा जोड’, म्हणजे कापडाचे लेप तापवून एकमेकांत वितळवलेला वेल्ड, हे पुढचं पाऊल आहे, असं सरसकट मानलं जातं. मला ते मान्य नाही. तंबू, टार्प (छतासारखं ताणून बांधायचं कापड) आणि खांद्यावरच्या सॅकसाठी नीट घातलेली शिवणच उजवी. वजनाचं कारण तर हिशोबाला बसतच नाही.

टेक्स 40 चा दोरा म्हणजे 1000 मीटरला 40 ग्रॅम. 10 मीटरच्या जोडावर दोन टिपा मारल्या, तर बॉबिनचा खालचा दोरा धरून साधारण 60 मीटर दोरा जातो, म्हणजे अडीच ग्रॅमही नाही. जीन्सच्या पायाला असते तशी, काठ एकमेकांत अडकवलेली 1 सेंटिमीटर रुंद शिवण घेतली तर कापडाचे तीन थर जास्तीचे पडतात. चौरस मीटरला 40 ग्रॅमच्या सिलनायलॉनमध्ये (सिलिकॉनचा लेप दिलेलं नायलॉन) त्याचे 12 ग्रॅम. सगळं मिळून 15 ग्रॅमच्या आत. आणि हे सिलनायलॉन वेल्ड होतच नाही, कारण सिलिकॉन एकदा पक्कं झालं की वितळत नाही. वेल्डिंग हवं तर टीपीयू (तापवल्यावर वितळणारं पॉलियुरेथेन) लेपाचं कापड घ्यावं लागतं आणि ते बहुधा दुपटीहून जड असतं. जोडात दहा ग्रॅम वाचवायला कापडात शेकडो ग्रॅम घालवायचे?

तापलेली_पट्टी

वजनाचा हिशोब बरोबर आहे, पण प्रश्न भोकांचा आहे. 3 मिमीचा टाका म्हणजे मीटरला 330 हून जास्त भोकं, दोन टिपांची 660. प्रत्येक भोकापाशी लेप फुटलेला असतो आणि दोरा वातीसारखं पाणी आत ओढतो. त्यावर भोकं बुजवणारा सीलर लावायचा, तो घासून गेला की पुन्हा लावायचा. शिवाय टिपेवर ताण आला की तो भोकांच्या कडांवर एकवटतो; वेल्ड तोच ताण जोडाच्या पूर्ण रुंदीवर वाटून देतो. ड्रायबॅग (पाणी आत न शिरणारी पिशवी), फुगवायची गादी, पॅकराफ्ट (सॅकमधून नेता येणारी फुगवायची होडी) यांत तर टाक्याने हवाच राहणार नाही.

दुहेरी_टीप

गादी आणि पॅकराफ्ट तुमचे, त्यात वाद नाही. पण ‘पूर्ण रुंदीवर वाटला जातो’ हे अर्धंच खरं आहे. दोन थर एकमेकांवरून सरकवणारा ताण असेल तरच तसं होतं. थर सोलले जातील असा ताण आला की सगळा भार एका रेषेवर येतो आणि जोड काठापासून उघडत जातो. सॅकचे पट्टे, तंबूचे ओढदोरीचे लूप यांच्यावर नेमका असा ताण येतो. म्हणून तिथे दाट टाक्यांचा बारटॅक लागतो.

गळती बहुतेक वेळा घाईच्या शिवणीमुळे होते. 20 डेनियरच्या (डेनियर म्हणजे धाग्याच्या जाडीचं माप) पातळ कापडाला 70 नंबरची, टोकदार, नवी सुई लावा. पॉलिस्टर दोरा आणि 3 ते 3.5 मिमी टाका. त्याहून बारीक टाका घातला तर भोकांची रांग इतकी दाट होते की कापड तिथूनच फाटतं. टाचण्या फक्त शिवणीच्या पट्ट्यात टोचा, नाहीतर क्लिपा वापरा. दुमडीचं तोंड उताराकडे ठेवा, म्हणजे पाणी त्यात साचत नाही.

सीलिंगसाठी शुद्ध सिलिकॉन सीलंट एक भाग आणि मिनरल टर्पेंटाइन दोन ते तीन भाग. ॲक्रिलिक मिसळलेला सीलंट यात विरघळत नाही. तंबू ताणून उभा करा, म्हणजे भोकं उघडी राहतात. मग ब्रशने पातळ हात द्या. रात्रभर वाळू द्या आणि घडी घालण्याआधी वर टाल्कम पावडर भुरभुरवा, नाहीतर कापड कापडाला चिकटतं.

कापडवेडा

दोघांनीही डायनीमा कंपोझिट, म्हणजे पातळ पापुद्र्यांमध्ये मजबूत धागे बसवलेलं कापड, बाजूला ठेवलंय. त्यातले पॉलिइथिलीनचे धागे 150 अंश सेल्सियसच्या आसपास वितळतात, त्यामुळे इस्त्रीने वेल्ड करणं विसरा. नुसतं शिवलं तर ताणाखाली भोकं लांबत जातात. त्यासाठी ॲक्रिलिक चिकटपट्टीचा जोड असतो. पृष्ठभाग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, पट्टी लावून रोलरने दाबा आणि 72 तास ताण देऊ नका. उन्हात तापलेला जोड सतत ताणाखाली राहिला तर हळूहळू सरकतो. म्हणून मुख्य जोडावर चिकटपट्टी आणि लूपवर ठिगळ लावून टाके, ही जोडीच बरी.

तापलेली_पट्टी

सोलणाऱ्या ताणाबद्दल मान्य, पण तो जोडाच्या रचनेचा दोष झाला. काठ एकमेकांवर सपाट ठेवून दीड सेंटिमीटर चढवला तर ताण सरकवणाराच राहतो.

वेल्ड फसतो तो तापमान, दाब आणि वेळ या तिघांतलं एक चुकल्यामुळे. कमी तापलेला जोड दिसायला झकास असतो आणि नखाने सुटतो. जास्त तापला तर लेप बाजूला पिळून निघतो आणि उघडं कापड उरतं. म्हणून आधी त्याच कापडाच्या 25 मिमी रुंद पट्ट्या जोडा. लेपाची बाजू लेपाला लावा, वर बेकिंग पेपर ठेवून इस्त्री फिरवा आणि गरम असतानाच रोलरने दाबा. पूर्ण गार झाल्यावर हाताने सोला. लेप कापडावरून उपटून आला तर जोड पक्का. लेपापासून लेप गुळगुळीत सुटला तर तापमान थोडं वाढवा. लेप कापडाला जितका घट्ट, तितकाच वेल्ड घट्ट. त्यापुढे इस्त्री काही करू शकत नाही.

दुहेरी_टीप

हेच तर! त्या लेपावरच सगळं अवलंबून आहे आणि तो कापडाच्या विणीपेक्षा आधी म्हातारा होतो. दमट गरम जागेत पॉलियुरेथेनचा लेप चिकट होऊन सुटायला लागतो. शिवणीतला उसवलेला भाग डोंगरावर सुई-दोऱ्याने, उलटी टीप घालून दहा मिनिटांत बंद होतो. सुटलेला वेल्ड पुसायचा, वाळवायचा, युरेथेन गोंद लावून रात्रभर दाबून ठेवायचा. पावसात हे कुठे करणार?

तापलेली_पट्टी

चिकट ठिगळ मुक्कामापर्यंत काम भागवतं, तेही कोपरे गोल कापून लावा. बाकी लेप सुटल्यावर तुमचा शिवलेला तंबूही गळणारच, मग टाके शाबूत राहून काय उपयोग? टार्प तुम्ही शिवा. पण पाण्यात बुडणाऱ्या पिशवीला मी सुई लावू देणार नाही.