मदत हवी आहे: भूल देऊन वर परत लिग्नोकेन शिरेतून? परवा ऑपरेशन

खानापूरकर_77: आईचं ऑपरेशन परवा सकाळी, बेळगावात. भूलतज्ज्ञ म्हणाले, पूर्ण भूल देणार आणि सोबत शिरेतून लिग्नोकेनची ड्रिप चालू ठेवणार. लिग्नोकेन म्हणजे दात काढताना देतात तेच ना? ते रक्तात सोडतात? सही उद्या करायची आहे. लवकर सांगा.

नाना_निपाणी: कसलं ऑपरेशन ते लिहा की ओ. माझं हर्नियाचं पाठीत इंजेक्शन देऊन झालं, तिसऱ्या दिवशी घरी. पूर्ण भूल घेऊच नका, स्पायनल मागा.

खानापूरकर_77: आतड्याचा तुकडा काढायचाय. पोट उघडून.

ओटी_टेक्निशियन: नाना, हर्निया वेगळा, हे वेगळं. दादा, तेच औषध, पण दातासाठी देतात ते ॲड्रिनलिन घातलेलं नव्हे, साधं. हृदयाचे ठोके बिघडले तर पूर्वीपासून शिरेतूनच देतात. भुलीसोबत दिलं तर मॉर्फिनसारखी औषधं कमी लागतात, आतडं लवकर हलतं, असं म्हणतात.

शंकासुर: 'म्हणतात' हेच खरं. कॉक्रेन म्हणजे औषधांच्या चाचण्या एकत्र करून तपासणारी संस्था, तिच्या 2018 च्या आढाव्यात 68 चाचण्या तपासल्या, तरी ठाम फायदा सांगता आला नाही. दुखणं थांबवायला जुनं एपिड्युरल, म्हणजे पाठीत बारीक नळी घालून औषध देणं, काय वाईट आहे?

ओटी_टेक्निशियन: एपिड्युरल प्रत्येकाला चालतंच असं नाही. बाकी लिग्नोकेन जास्त झालं तर तोंडाभोवती मुंग्या, जिभेला धातूची चव, कानात गुणगुण अशी सुरुवात होते. भुलीत पेशंट हे सांगणार कसा? म्हणून ईसीजीवर नजर आणि उतारा म्हणून शिरेतून द्यायचं लिपिड, म्हणजे स्निग्ध द्रावण, हाताशी लागतं. हृदयाच्या ठोक्यांच्या वहनात ब्लॉक, फिट, लिव्हरचा त्रास आहे का आईंना?

खानापूरकर_77: नाही. पण चार वर्षांपूर्वी दातावर इंजेक्शन दिल्यावर धडधडून घाम फुटला होता. म्हणून तर विचारूलाय!

शंकासुर: हे पहिल्याच ओळीत लिहायचं राहिलं होय?

ओटी_टेक्निशियन: धडधड बहुधा त्या ॲड्रिनलिनची असेल, खऱ्या ॲलर्जी फार कमी. तरीही भूलतज्ज्ञांच्या कानावर घालाच.

सीमावासी: संमतीपत्र कानडीत आणि इंग्रजीत असेल ना? मराठीत मागा. 1956 पासून हेच भोगतोय आपण.

कुंदाप्रेमी: तो वाद त्या धाग्यावर, इथं नको. मुक्कामाला कोण असणार? रात्री डबा मिळत नाही, घरून न्या.

सीमावासी: सही करतोय ते कळायला नको? हाही मदतीचाच प्रश्न.

खानापूरकर_77: ते बरोबर आहे, मला ते दोन पानं वाचताच आली नाहीत. पण आधी औषधाचं सांगा.

ओटी_टेक्निशियन: वजन किती?

खानापूरकर_77: पन्नासेक.

ओटी_टेक्निशियन: -सेक नको, काट्यावर बघा. सुरुवातीचा डोस किलोमागे जास्तीत जास्त दीड मिलिग्रॅम, दहा मिनिटांत हळू. मग ताशी तेवढाच, 24 तासांच्या आतच थांबवायचं. भूलतज्ज्ञांच्या 2021 च्या सल्ल्यात 40 किलोखाली देऊच नका असं आहे. त्याच वेळी पोटात सुन्न करणारं ब्लॉक देणार असतील तर तेही विचारा, दोन्ही एकत्र नको.

नाना_निपाणी: मिरजेला न्या की सरळ. आमचं सगळं तिथंच झालं.

खानापूरकर_77: आत्ता काट्यावर उभं केलं. 38. महिनाभर जेवणच जात नव्हतं तिला. फाइलवर 46 लिहिलंय, जुन्या कागदावरून उतरवलेलं दिसतं. डॉक्टर सहाला राउंडला येणार.

ओटी_टेक्निशियन: सहाची वाट बघू नका. 38 म्हणजे 40 च्या खाली, आत्ताच सिस्टरला दाखवून आकडा बदलून घ्या, डोस त्यावरच काढतात. दाताचा प्रसंगही फाइलवर लिहवून घ्या.

खानापूरकर_77: निघालो.

नाना_निपाणी: स्पायनलचं विचारा एकदा.