पिनहास पाराशावरील चर्चेसाठी प्रश्न हवे आहेत

सर्वांना शालोम. येत्या शब्बाथला आमच्या सिनेगॉगमध्ये ‘पिनहास’ या पाराशावरची (तोराह या ज्यू धर्मग्रंथाच्या साप्ताहिक वाचनभागावरची) चर्चा मला चालवायची असून, ज्यांचे उत्तर मजकुरात आयते सापडणार नाही असे प्रश्न सुचवण्यासाठी कृपया मदत करावी.

माझा भर तोराहमधील गणना या पुस्तकाच्या 27 व्या अध्यायावर आहे. महला, नोआ, होगला, मिलका आणि तिरसा या सलाफहादच्या पाच मुली मोशेसमोर उभ्या राहून, वडिलांना मुलगा नव्हता म्हणून त्यांचे नाव कुळातून का पुसले जावे, असे विचारतात आणि वडिलांच्या जमिनीचा वारसा मागतात. मोशे स्वतः निवाडा न देता प्रश्न परमेश्वरापुढे नेतो आणि मुलींचे म्हणणे रास्त ठरते. मग एवढा उघड अन्याय आधीच्या नियमात कसा राहून गेला? कायदा बदलण्यासाठी कोणीतरी पुढे येऊन मागणे आवश्यकच होते का? वडील स्वतःच्या पापाने मेले, मोशेविरुद्ध बंड करणाऱ्या कोरहच्या टोळीत नव्हते, हे त्या आवर्जून का सांगतात, हेही मला अद्याप उलगडलेले नाही.

खरी अडचण 36 व्या अध्यायाची आहे. तेथे, जमीन लग्नामुळे दुसऱ्या वंशात जाईल या मुलींच्याच मनश्शे वंशातील कुलप्रमुखांच्या तक्रारीवरून, या मुलींनी आपल्याच वंशात लग्न करावे असे ठरते, त्या चुलतभावांशी विवाह करतात आणि त्यांच्या नावांचा क्रमही बदलतो. मिळालेला हक्क येथे आकुंचित झाला, असे माझे मत आहे. परंतु ते श्रोत्यांवर न लादता हा मुद्दा कसा मांडावा? राशी या मध्ययुगीन ज्यू भाष्यकारांच्या भाष्याच्या आधारे कोणी प्रश्न तयार केले असल्यास अवश्य कळवावेत.