विषय : टॅबलेट घ्यायचे का? (जतच्या शाळेचा इंग्रजी वाचनवर्ग)

मंडळी, नमस्कार.
गणेशोत्सवाचा जमाखर्च मिटला, थोडे पैसे उरलेत. जत तालुक्यातल्या ज्या जिल्हा परिषद शाळेशी आपण इथून अमेरिकेतून शुक्रवारी रात्री बोलतो, तिथे दहा टॅबलेट द्यावेत असं काहींचं म्हणणं आहे. इंग्रजी वाचनाची ॲप्स फुकट आहेतच. हरकत असेल तर रविवारपर्यंत कळवा.
— खजिनदार

---

खजिनदारसाहेब,
हरकत आहे. जरा लांबेल, चहा घेऊन बसा.

चौथीतली पोरं ‘सी ए टी कॅट’ खणखणीत म्हणतात. मी नुसता ‘टी ए सी’ असा क्रम लावून दाखवला, तर सगळी गप्प. त्यांनी कॅट वाचलेलंच नाही, पाढ्यासारखं पाठ केलंय. त्यांची तरी काय चूक? आपल्याकडे क चं नावही क आणि आवाजही क. ‘कॅट’मध्ये मात्र ना ‘सी’ ऐकू येतं ना ‘टी’. हे कुणी सांगितलंच नाही, तर पोराला वाटतं इंग्रजी म्हणजे घोकंपट्टीच.

म्हणून गेले दोन महिने मी अक्षरांची नावं बाजूला ठेवलीत, फक्त आवाज घेते. एस, ए, टी, पी, आय, एन ही सहा अक्षरं आधी. तेवढ्यावर सॅट, पिन, टॅप, नॅप, टिन, पॅन एवढे शब्द पोरं स्वतः जुळवतात. आवाजांचे व्हिडिओ यूट्यूबवर ढिगाने आहेत, पण आधी स्वतः ऐकून बघा. काही जण ‘टी’चा आवाज ‘टऽ’ असा ओढतात. मग ‘टऽॲपऽ’ होतं आणि ‘टॅप’ काही लागत नाही.

गोष्टींसाठी प्रथम बुक्सचं स्टोरीवीव्हर, म्हणजे मुलांच्या गोष्टींची फुकट वेबसाइट. 2015 पासून आहे, चार पातळ्या आहेत, पहिल्या पातळीत पानाला एखाददुसरं वाक्य. छापून वाटायलाही परवानगी आहे. गुगलचं रीड अलाँगही चांगलं: मूल मोठ्याने वाचतं, ॲप ऐकतं, अडलेल्या शब्दावर बोट ठेवलं की उच्चार सांगतं. गोष्टी आधी उतरवून घेतल्या की नेट नसलं तरी चालतं. त्याला गुरुजींचा एक फोन पुरे. दहा टॅबलेट चार्ज कोण करणार, कुठे?
— मिरजेची मावशी

---

आम्ही सांगलीत पाचवीला एबीसीडी गिरवायला लागलो. आवाज-बिवाज काही नव्हतं. तरी आज अमेरिकेत आहोत ना?
— विश्रामबागवाले काका

---

काका, आपण आहोत. वर्गातले बाकीचे कुठे आहेत, तेही सांगा. आता तर 2000 सालापासून मराठी शाळेत पहिलीपासूनच इंग्रजी आहे. चौथीपर्यंत चार वर्षं झाली, तरी पोरगं ‘कॅट’ला अडतं, ते का, एवढाच प्रश्न आहे.
— मावशी

---

सर्वांना सविनय नमस्कार.
मावशींनी सांगितलं म्हणून लिहितो. मागे एकांनी शाळेला टॅबलेट दिले होते, ते कपाटात आहेत. चार्जर दोनच उरले. पालकांचे फोन दिवसभर रानात असतात. ते रात्री घरी येतात तेव्हा पोरं झोपलेली.

दुसरी एक गोष्ट तिकडे लक्षात येत नसेल. आमच्याकडे निम्म्या घरांत कन्नड बोलतात. मांजराचं चित्र दाखवलं की पोरगी आधी ‘बेक्कु’ म्हणते, मग मला बघून ‘मांजर’, आणि कॅट सगळ्यात शेवटी. स्टोरीवीव्हरवर बऱ्याच गोष्टी कन्नड, मराठी, इंग्रजी तिन्हीत आहेत. मागच्या आठवड्यात एक गोष्ट आधी कन्नडमध्ये वाचली, मग मराठीत, मग इंग्रजीत. इंग्रजीच्या वेळी पुढे काय होणार ते पोरांना ठाऊक होतं, म्हणून डोळे अक्षरांवर राहिले. एरवी माझ्या तोंडाकडे असतात.

लिहायला चार रेघांच्या वह्या हव्यात. मी सहा शब्द सांगतो, पोरं लिहितात, पानाचा फोटो तुम्हाला पाठवतो. फक्त एक विनंती. मागच्या वेळी एका ताईंनी प्रत्येक पानावर सगळ्या चुका लाल केल्या. पोरांनी पुढच्या शनिवारी वह्या घरीच ठेवल्या. एका पानाला एकच चूक दाखवा. ‘व्ही’ आणि ‘डब्ल्यू’ तर तूर्त राहू द्या, दोन्ही ‘व’च आहेत आमचे.
— गुरुजी

---

गुरुजी, त्या लाल पेनवाल्या ताई मीच. माफ करा. इथे ऑफिसात दिवसभर तेच करते, हात वळतोच. साताऱ्याला दिवाळीत येणार आहे, वह्या मी घेऊन येते. पेढेही.
— सातारकर

---

मंडळी,
ठरलं तर. टॅबलेट रद्द. उरलेल्या पैशांतून वह्या, आणि तीन भाषांतल्या वीस गोष्टींच्या छापील प्रती. झेरॉक्सचा दर गुरुजी जतलाच विचारतील, इथून छापून पाठवण्यात अर्थ नाही.

शनिवारची शाळा सकाळची असते, म्हणून आपला वर्ग तिथे साडेसातला, इथे शुक्रवारी रात्री दहाला. नोव्हेंबरात घड्याळं मागे गेली की नऊला. मागच्या वर्षी तिघं तासभर उशिरा उगवले होते, यंदा नीट लिहून ठेवा.

आणि कन्नड वाचता येणारं कुणी हवं. आपल्यात नसेल तर शेजारच्या कन्नड कूटात (त्यांच्या मंडळात) विचारून बघा, महाप्रसादाला त्यांच्याकडून पातेली आणली होती, ती परत करायचीच आहेत.
— खजिनदार