केकमधली साखर किती कमी करता येते? सासऱ्यांसाठी वेगळा केक करायचा नाहीये

रविवारचा_केक (बोरिवली)

नमस्कार मंडळी,

आमच्याकडे दर रविवारी दुपारच्या चहाबरोबर केक असतो. साधाच, वर आयसिंग नाही, ओटीजीत भाजलेला. सासऱ्यांना तो इतका आवडतो की शनिवारी संध्याकाळीच विचारतात, "उद्या कुठला?" परवा त्यांचे रिपोर्ट आले. एचबीएवनसी, म्हणजे गेल्या दोनतीन महिन्यांतल्या रक्तातल्या साखरेची सरासरी, ६.१. डॉक्टर म्हणाले, मधुमेह अजून नाही, पण उंबरठ्यावर आहात, गोड आवरा. बाबांनी चहातली साखर त्याच दिवशी बंद केली. केकच्या बाबतीत मात्र त्यांचं म्हणणं एकच: "माझ्यासाठी वेगळं काही करू नकोस. सगळे खातील ते मी खाईन, नाहीतर मला नको."

मला हे पटतं. एखाद्याचं ताट वेगळं काढलं की त्याचं खाण्यावरचं मनच उडतं, माझ्या आजोबांचं तसं झालेलं मी पाहिलंय. शिवाय लेक चौथीत आहे, तिच्याही पोटात कमी साखर गेली तर चांगलंच. म्हणून अख्ख्या घराच्या केकमधलीच साखर उतरवायची आहे.

माझं प्रमाण असं: मैदा १८० ग्रॅम, साखर २०० ग्रॅम, बटर ११५ ग्रॅम, अंडी २, दूध अर्धा कप, बेकिंग पावडर दीड छोटा चमचा, व्हॅनिला. याचे साधारण १२ तुकडे होतात. साखर सरळ निम्मी केली तर चालेल का? गूळ घालू का? सुपरमार्केटात स्टीव्हियाची (पानांपासून केलेल्या बिनसाखरेच्या गोडव्याची) पाकिटं दिसतात, ती केकला चालतात का? बाबांना केक नेहमीसारखाच लागायला हवा, तेवढं सांभाळून सांगा.

गुळाचा_गणपती (ठाणे)

साखर पूर्ण बंद करा आणि तेवढाच गूळ घाला. आमच्याकडे चहापासून शिऱ्यापर्यंत सगळं गुळाचं असतं. रंग सुंदर येतो, वास तर विचारूच नका, आणि गुळात लोह असतं ते वेगळंच. बाबांना बिनधास्त खाऊ द्या.

पार्ले_ओव्हन (विलेपार्ले)

ताई, मी घरी केक करून विकते आणि मे महिन्यात मुलांचे वर्ग घेते. माझ्या आईला मधुमेह होता, त्यामुळे हा विषय माझ्या फार जवळचा आहे. जरा लांबलचक लिहिते.

आधी गूळ. वरचं उत्तर मनापासून आलंय, पण "बिनधास्त" हा शब्द कृपा करून बाबांच्या कानावर घालू नका. गुळातही मुख्यत्वे उसाचीच साखर असते. लोह आणि खनिजं साखरेपेक्षा जास्त असतात हे खरं, पण केकच्या एका तुकड्यातून त्यातलं मिळणार किती? रक्तातली साखर गुळानेही चढते. ब्राऊन शुगर, खांडसारी, मध, सगळ्यांचं तेच. त्यात गूळ साखरेपेक्षा कमी गोड लागतो, म्हणून घालताना हात सैल सुटतो. मी गूळ वापरते तो चवीसाठी. नारळाच्या रवा केकला गुळाची जी खमंग चव येते ती साखरेला येत नाही. वापरलात तर साधा मऊ गूळ घ्या, चिक्कीचा नको. थोड्या पाण्यात विरघळवून गाळून घ्या, कारण खाली कचरा आणि बारीक रेती बसते. पूर्ण गार झाल्यावरच मिश्रणात घाला, आणि गरम दुधात टाकू नका, दूध फाटतं.

आता साखर सरळ निम्मी करण्याबद्दल. पहिल्याच रविवारी करू नका, केक कोरडा होईल आणि बाबांना लगेच कळेल. केकमध्ये साखर फक्त गोडीसाठी नसते. ती पाणी धरून ठेवते, म्हणून केक दुसऱ्या दिवशीही ओलसर राहतो. बटरबरोबर फेसताना तिचे कण हवा कोंडून घेतात, त्याने केक हलका होतो. मैद्यातलं ग्लुटेन, म्हणजे पिठाला चिवटपणा देणारं प्रथिन, ती फार घट्ट होऊ देत नाही, आणि अंडं व मैदा उष्णतेने आळतात ते थोडं उशिरा आळू देते, तोवर केकला फुगायला वेळ मिळतो. वरचा सोनेरी रंगही बराचसा तिच्यामुळेच. साखर काढली की यातलं प्रत्येक काम दुसऱ्या कुणाकडे तरी सोपवावं लागतं.

तुमच्या प्रमाणात २०० च्या जागी १५० ग्रॅम घाला आणि बाकी काहीही बदलू नका. मी हे गिऱ्हाइकांच्या साध्या चहाच्या केकवर कायम करते. पाव हिस्सा साखर कमी झालेली सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. साखर मिक्सरमधून किंचित फिरवून बारीक करून घ्या. बटरमध्ये ती चांगली फेसली जाते.

काही रविवार असे गेले, जिभेला सवय झाली की १२० पर्यंत उतरा. तेव्हा मात्र प्रमाण बदलावं लागेल. दुधाऐवजी अर्धा कप ताजं दही घ्या, बेकिंग पावडर १ छोटा चमचा करा आणि खायचा सोडा पाव छोटा चमचा. ओल धरून ठेवायचं काम आता दही करील, आणि त्यातल्या आंबटपणाने केक मऊ राहील. मैदा घातल्यावर ढवळाढवळ कमीत कमी, कारण ग्लुटेनला आवरणारी साखर आता थोडीच उरली आहे. १७० अंशावर भाजत असाल तर नेहमीच्या वेळेच्या पाचसात मिनिटं आधी सुरी घालून बघा. कमी साखरेचा केक लवकर आळतो आणि रंग उशिरा धरतो. रंगाची वाट बघत बसलात तर आतून सुकून जाईल. फिकाच दिसला तरी सुरी स्वच्छ आली की बाहेर काढा.

१२० च्या खाली बटर केकमध्ये मी जात नाही. भुसभुशीत होतो आणि पावासारखा लागतो. त्याहून कमी हवी असेल तर केकचा प्रकारच बदला. आपल्याकडची वेलची केळी सालीवर काळे ठिपके येईपर्यंत पिकू द्या. पिकताना केळ्यातल्या पिठूळपणाची साखर होते, म्हणून तेवढं पिकणं महत्त्वाचं. चारपाच केळी कुस्करून घातली की वरून ८० ग्रॅम साखर पुरते. टुटीफ्रुटी घालत असाल तर ती आजच बंद करा, ती पाकात मुरवलेली पपईच असते. तिच्याऐवजी वसई-आगाशीकडची सुकेळी बारीक चिरून घाला. राजेळी केळी उन्हात वाळवून करतात, वरून साखर नसते, आणि तुकडे मधेच दाताखाली येतात तेव्हा फार छान लागतात. महाग आहेत, पण एका केकला दोनतीन पुरतात.

आणि वास! गोडीचा अर्धा भास नाकातून येतो. व्हॅनिला थोडा वाढवा, किंवा वेलची-जायफळ, किंवा संत्र्याच्या सालीचा वरवरचा केशरी कीस. चिमूटभर मीठ विसरू नका. केक फ्रिजमधून काढल्या काढल्या देऊ नका, गार पदार्थ कमी गोड लागतो. बाबांना कोमट तुकडा द्या.

स्टीव्हिया मी केकमध्ये वापरत नाही. साखरेपेक्षा कित्येक पट गोड असल्याने चिमूटभरच लागतो, मग २०० ग्रॅम साखरेने जी जागा भरली होती ती रिकामी राहते. वर रंग येत नाही आणि मागाहून कडवट चव रेंगाळते. पाकिटात एरिथ्रिटॉल (साखरेसारखा दाणेदार गोडवा) मिसळलेलं असेल तर जागा भरते, पण जिभेला पेपरमिंटसारखा गारवा लागतो आणि केक गार झाला की खडे जाणवतात. बाबांना "नेहमीसारखाच" हवाय ना, मग तो मार्ग नाही.

पट्टी_आणि_सुई (मुलुंड)

पार्लेताईंनी केकचं सांगितलं, मी रक्ताचं सांगतो. मला स्वतःला मधुमेह आहे.

२०० ग्रॅम साखरेच्या केकचे १२ तुकडे म्हणजे तुकड्यामागे सुमारे १७ ग्रॅम. १२० वर आलात की १० ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये सांगितलेली मर्यादा अशी की वरून घातलेली साखर, मध आणि फळांचे रस धरून दिवसाच्या एकूण उष्मांकाच्या १० टक्क्यांच्या आत असावेत, ५ टक्क्यांच्या आत असले तर आणखी चांगलं. २००० कॅलरींच्या आहारात याचा अर्थ ५० ग्रॅम आणि २५ ग्रॅम. म्हणजे तुमच्या आत्ताच्या केकचा एक तुकडा खाल्ला की त्या २५ मधले १७ तिथेच संपतात. बाबांनी चहातली साखर सोडली हे फार मोठं काम केलंय, त्यांना माझा नमस्कार सांगा.

मैद्याकडेही बघा. साखर उतरवली तरी मैदा पचून शेवटी ग्लुकोजच होतो. मी घरी ६० ग्रॅम मैदा काढून तेवढी कणीक घालायला सांगितलंय. पाणी जरा जास्त ओढते, एवढंच.

घरी ग्लुकोमीटर असेल तर केक खाल्ल्यावर दोन तासांनी मोजा, आणि एखाद्या रविवारी तोच तुकडा जेवणानंतर लगेच खाऊन मोजा. कुणाचं शरीर कशाला कसा प्रतिसाद देतं हे त्या आकड्यांतून कळतं, आणि डॉक्टरांना दाखवायलाही बरं. मला रिकाम्या पोटी चहाबरोबर खाल्लेला तुकडा जास्त भोवतो.

स्टीव्हियासारख्या गोडव्यांबद्दल याच संघटनेने २०२३ मध्ये सांगितलंय की वजन आटोक्यात ठेवायला त्यांच्यावर विसंबू नये. ज्यांना आधीच मधुमेह आहे त्यांना तो सल्ला लागू नाही. बाबा अजून त्या रेषेच्या अलीकडे आहेत, तेव्हा डॉक्टरांना विचारूनच ठरवा.

निखारे_वरखाली (गिरगाव)

अगं, एवढं सगळं करतेच आहेस तर धोंडस कर की! आमच्या कोकणातला केकच तो. जून तवसं, म्हणजे मोठी काकडी, किसायचं, तांदळाचा रवा तुपावर भाजून त्या किसाच्या पाण्यातच भिजवायचा. ओलं खोबरं, गूळ, वेलची, मिठाचा कण. माझी सासू जाड बुडाच्या पातेल्यात घालून खाली-वर निखारे ठेवायची. मी गिरगावात आल्यापासून ओव्हनमध्येच करते, वरून छान खरपूस होतं.

१ वाटी रव्याला २ वाट्या काकडीचा कीस, असं माझं प्रमाण. गूळ पूर्वी वाटीभर जायचा. आमच्या ह्यांना साखरेचं निघाल्यापासून अर्ध्या वाटीवर आणलाय. वर त्या ताईंनी लिहिलंय ना, ओल धरायला काहीतरी लागतं, ते काम इथे काकडी आणि खोबरं करतात, म्हणून गूळ कमी झाला तरी धोंडस कोरडं पडत नाही. गोडी उतरते, पण खोबऱ्याची चव पुढे येते. मैदा तर नाहीच. पूर्ण गार झाल्याशिवाय वड्या पाडू नकोस, मोडतात. आणि आता पावसाळ्यात बाहेर ठेवू नकोस हं. गोड कमी असलं की बुरशी लवकर धरते, दुसऱ्या दिवशी फ्रिजमध्येच.

रविवारचा_केक (बोरिवली)

काय सांगू, एकेक उत्तर वाचून दाखवलं बाबांना. नमस्कार पोचला, मुलुंडकरांना उलट नमस्कार सांगा म्हणाले. धोंडसाचं नाव ऐकून त्यांना त्यांच्या आईची आठवण आली, त्यामुळे या रविवारी तेच. पुढच्या रविवारी १५० ग्रॅमचा केक, आणि तो कुणाला न सांगता.

एक राहिलं. दिवाळीला मी नानकटाई करते. १ कप मैदा, अर्धा कप तूप, अर्धा कप पिठीसाखर. तिलाही हाच पावाचा हिशोब लावायचा का?

पार्ले_ओव्हन (विलेपार्ले)

नानकटाईला थोडं वेगळं. अर्ध्या कपाच्या जागी एकतृतीयांश कप पिठीसाखर चालते, त्याच्या खाली गेलात तर खुसखुशीतपणा जातो आणि ती नुसती तुपकट लागते. साखर वितळली की नानकटाई पसरते. साखर कमी केली की गोळा तसाच उभा राहतो आणि मधे कच्चा राहायची भीती. म्हणून गोळे लहान करा आणि हाताने नेहमीपेक्षा चपटे दाबा. तूप घट्टच घ्या, हाताने पांढरं होईपर्यंत फेटा, मग साखर. मैद्यातला पाव कप काढून बेसन घाला, मंद आचेवर भाजून गार केलेलं. भाजलेल्या बेसनाची चव अशी भरून येते की साखरेची उणीव भासत नाही. जायफळ ताजं किसा. १६० अंशावर १८ ते २० मिनिटं, खालची बाजू बदामी झाली की पुरे. ट्रेमध्येच गार होऊ द्या, गरम असताना उचललीत तर चुरा होईल.

आणि आकार लहान ठेवल्याचा फायदा असा की बाबांनी दोन उचलल्या तरी पूर्वीच्या एकीएवढीच साखर जाईल.