सू चौथा? मग बचाव खेळायचाच कशाला!

लिंकनचा_भाडेकरू
कालच्या हाइझ्मनच्या (अमेरिकन कॉलेज फुटबॉलमधल्या सर्वोत्तम खेळाडूच्या ट्रॉफीच्या) धाग्यावर कुणीतरी लिहून गेलंय, "सू चौथा आला तेच बरोबर, बचाववाला सामना जिंकून देत नाही." प्रतिसाद टंकायला घेतला, लांबला, म्हणून वेगळा धागा.
डिसेंबर २००९, बिग ट्वेल्व्ह या कॉलेज-लीगची फायनल, नेब्रास्का विरुद्ध टेक्सास; मी नेब्रास्कातल्या लिंकनला एमएस करत होतो. आमच्या बचावातल्या एन्डामुकन सूने एकट्याने साडेचार सॅक घेतले, म्हणजे चेंडू फेकायच्या आत क्वार्टरबॅकला पाडलं. टेक्सासचा चेंडू फेकणारा क्वार्टरबॅक कोल्ट मकॉयला, म्हणजे हाइझ्मनच्याच दुसऱ्या दावेदाराला, चिंधीसारखा भिरकावला. आमच्या नेब्रास्काच्या आक्रमणाने एक टचडाउन केला नाही, लाथेने खांबांमधून मारलेले चार फील्ड गोल, प्रत्येकी तीन, म्हणून १२ गुण. तरी टेक्सास १३ वरच अडकलं. डिफेन्सिव्ह टॅकलने, म्हणजे बचावफळीच्या मधल्या खेळाडूने, याहून काय करायचं? आठवड्याने निकाल: अलाबामाचा चेंडू घेऊन धावणारा इन्ग्रम पहिला, मकॉय तिसरा, सू चौथा. आपटला गेला तो वर, आपटणारा खाली!

ऑस्टिनची_सून
"१३ वरच अडकलं" म्हणजे आम्ही टेक्सासवाले जिंकलो. किती गोड शब्दांत लपवलंत!

लिंकनचा_भाडेकरू
कसे जिंकलात तेही सांगा ना. घड्याळ शून्यावर गेलेलं. आम्ही जिन्यात नाचून आत आलो तर पडद्यावर एक सेकंद परत! कुकरमधली खिचडी त्या रात्री कुणी खाल्ली नाही.

तिरसट_तात्या
खिचडी राहू द्या. हाइझ्मन एका सामन्याचं नसतं, हंगामाचं असतं. इन्ग्रम १६५८ यार्ड धावला, मतदानापर्यंत अलाबामा अपराजित. बचाववाल्याला देत नाहीत म्हणता, मग १९९७ चा विजेता वूडसन कोण होता? आणि तुमच्या सूने २०११ च्या थँक्सगिव्हिंगला पडलेल्या माणसाला लाथ घातली, दोन सामने बाहेर बसला. असल्यांना डोक्यावर घ्यायचं?

लिंकनचा_भाडेकरू
तात्या, २०११ ची लाथ २००९ च्या मतपत्रिकेवर कशी उमटली? वूडसन येणार हे ठाऊकच होतं. तो समोरच्यांनी लाथेने उडवलेला पंट परत आणायचा, पासही झेलायचा. २०२४ चा विजेता हंटरसुद्धा अर्धा रिसीव्हर, म्हणजे पास झेलणारा. चेंडू हातात दिसल्याशिवाय मत नाही, हेच तर ओरडतोय. फक्त बचाव करून आजवर एकालाही मिळालेलं नाही.

ऑस्टिनची_सून
सेकंदाचं राहिलंच. मकॉयने फेकलेला चेंडू बाहेर पडला तेव्हा घड्याळात एक सेकंद होता, रिप्ले बघा. मग आमच्या लॉरेन्सने ४६ यार्डांवरून विजयी फील्ड गोल मारला. त्याआधी किकऑफ (खेळ पुन्हा सुरू करायची लाथ) मैदानाबाहेर कुणी घातली? वर १५ यार्डांचा दंड कुणी ओढवून घेतला? पंचांच्या नावाने बोटं मोडायची सवयच आहे तुम्हाला.

लिंकनचा_भाडेकरू
"तुम्हाला" म्हणजे कुणाला? नवऱ्याच्या कॉलेजसाठी भांडणाऱ्यांनी सवयी शिकवू नयेत.

ऑस्टिनची_सून
मी स्वतः ऑस्टिनमधूनच पीएचडी केलीय. माफी नको, फक्त पुढच्या वेळी आधी विचारा.

ओमाहाची_आई
दोघेही जरा थांबा. माझा मुलगा हायस्कूलच्या संघात डिफेन्सिव्ह एंड, म्हणजे बचावफळीच्या टोकाला. साताऱ्याहून आजोबा व्हिडिओ कॉलवर सामना बघतात आणि दर दहा मिनिटांनी विचारतात, "पोराला बॉल कधी देणार?" त्याने सलग दोनदा क्वार्टरबॅकला पाडलं, तरी आजोबांचा प्रश्न तोच. आता मुलगाच म्हणतोय, टाइट एंड करा, तिथे पास तरी झेलायला मिळतात. हाइझ्मनचे मतदार आणि आमचे आजोबा एकाच शाळेतले.

तिरसट_तात्या
आजोबांचं बरोबर आहे.

लिंकनचा_भाडेकरू
खलास. तात्या म्हणजे तेच आजोबा असणार.

तिरसट_तात्या
हसा. एपी या वृत्तसंस्थेने २००९ मध्ये वर्षाचा सर्वोत्तम खेळाडू म्हणून सूलाच निवडलं होतं, बचावातला पहिलाच. आउटलँड, लोम्बार्डी, नागुर्स्की, बेडनारिक ही बक्षिसंही त्यालाच. आणि तोच ना, ज्याने पुढच्या वर्षी कॉलेजला २६ लाख डॉलर दिले? तर माणूस अगदीच वाईट नव्हता, एवढं लिहून घ्या. याहून जास्त मिळणार नाही.

ऑस्टिनची_सून
चला, मीही मोठं मन करते. सू त्या मैदानावरचा सर्वात भारी माणूस होता. ट्रॉफी तुम्हाला, सामना आम्हाला.

लिंकनचा_भाडेकरू
अहो, ट्रॉफीच तर मिळाली नाही!